हयवदनरावांचा कषाय

नागोजीचं पत्र आलं तेव्हा हयवदनराव दाढी करत होते. पत्र वाचून झालं आणि ते अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून दुपारपर्यंत खुर्चीत बसून राहिले. त्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नाही. द्यायचं नाही असं ठरवलं होतं, असंही नाही. ठरवणं हा प्रकारच त्यांच्या स्वभावात नव्हता. आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकं लावलेला माणूस. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात जावं हे तो क्षणात सांगे, पण आपण स्वतः कुठे बसावं हे लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्याला दुसऱ्याने सांगावं लागे.

पत्र लहानच होतं. नागोजी जाधव आता धारवाडला मुलीकडे राहत होता. कानांनी साथ सोडल्यामुळे फोन बंद, आणि मोबाइलवर त्याचं बोट एका वेळी तीन अक्षरांवर पडे, म्हणून पत्र. "हयवदना," त्याने लिहिलं होतं, "उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, शुभेच्छा. चाळीस वर्षं तुझ्याकडे चकल्या खाल्ल्या, कॉफी प्यालो. आता एक इच्छा आहे. दसऱ्यानंतर बेंगळुरूला येईन म्हणतो. तुझ्या घरी, तुझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून एक ग्लास बिअर प्यायची आहे. तू पिऊ नकोस, नुसता समोर बस. येऊ का? हो की नाही, एवढंच कळव."

नागोजी बिअरच्या कारखान्यात चव बघायच्या कामाला होता. पगार घेऊन पिणारा माणूस हयवदनरावांनी आयुष्यात तो एकच पाहिला. शनिवारी काम सुटलं की तो ग्रंथालयात येई आणि कडूपणाचे प्रकार असे समजावून सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण आजवर कारलं नुसतंच खाल्लं.

आता याला 'हो' म्हणावं तर वसुमतीबाईंना विचारावं लागणार. वसुमतीबाई म्हणजे हयवदनरावांच्या पत्नी. चातुर्मासात एक महिना भाजी वर्ज्य, एक महिना दही, एक महिना दूध आणि एक महिना डाळ, ही चारही व्रतं त्या घरात वंशपरंपरेने चालत आलेली. हनुमंतनगरातल्या त्या फ्लॅटच्या जिन्यापर्यंत येऊन कांदा परत जात असे. तिथे बिअर! आणि 'नाही' म्हणावं तर लिहिणाऱ्याचं अक्षर थरथरलेलं दिसत होतं. तेव्हा हयवदनरावांनी भित्र्या आणि वाचणाऱ्या माणसांचा नेहमीचा मार्ग धरला. त्यांनी त्या विषयावरची पुस्तकं मागवली.

पुस्तकं वाचून त्यांना दोन गोष्टी कळल्या. एक, बिअर घरी करता येते. दोन, जी बिअर कडक असते आणि जिच्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं सढळ हाताने पडतात, ती टिकते. महिनोन् महिने अंधारात मुरू दिली तर तिचा तिखटपणा जाऊन ती शहाणी होते. हे वाचलं आणि हयवदनरावांच्या मनात आयुष्यातली पहिली धाडसी कल्पना आली. कोरड्या होकारापेक्षा आपल्या हातची बिअरच नागोजीपुढे ठेवली तर? शिवाय या कल्पनेचा एक उपफायदा होता. बिअर मुरेपर्यंत उत्तर लिहायची गरज नव्हती.

प्रामाणिक माणूस धाडस करायला निघाला की आधी परवानगी काढायला जातो. हयवदनराव इस्त्रीचा शर्ट घालून सरकारी कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने त्यांना आदराने बसवलं.

"कुठे उघडताय?"

"काय?"

"पब, सर. जागा कुठे आहे?"

"घरीच."

"घरी? टेबलं किती?"

"एक," हयवदनराव म्हणाले. "जेवणाचं."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "पार्किंग?"

"स्कूटर होती. विकली."

कारकुनाने पुढे केलेला फॉर्म ड्रॉवरमध्ये परत ठेवला. मग इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाला, "अज्जा, अशा गोष्टी विचारायच्या नसतात. विचारलं की आम्हाला नाही म्हणावं लागतं. तुम्ही विचारलंच नाही, मी ऐकलंच नाही. सरी ना?" कानडीतलं हे 'सरी', म्हणजे 'बरं', कुठल्याही अडचणीतून सुटायला पुरतं.

तरीही हयवदनरावांनी रीतसर अर्ज टाकलाच. त्याला उत्तर आलं नाही. उत्तर नाही त्याअर्थी होकार, असा सोयीचा अर्थ त्यांनी काढला. धारवाडला बसलेला माणूस आपल्या मौनाचा काय अर्थ काढत असेल, हे मात्र त्यांच्या मनात आलं नाही. कारकुनाचं वाक्य तेवढं त्यांनी मनात जपून ठेवलं: विचारलं की नाही म्हणावं लागतं.

वसुमतीबाई भजन मंडळीला गेल्याची संधी साधून त्यांनी एका दुपारी बेत तडीस नेला. ऑनलाइन मागवलेला जवाचा माल्ट गरम पाण्यात भिजवला, गाळला, आणि ते गोडसर पाणी लग्नकार्याच्या मोठ्या पातेल्यात उकळत ठेवलं. मग हॉप्स घातले. हॉप्स म्हणजे फुलं असतील असं त्यांना वाटलं होतं. पिशवीतून निघाल्या त्या गुरांच्या पेंडीसारख्या हिरव्या गोळ्या. कमी पडतील की काय या शंकेने त्यांनी पिशवी रिकामी केली.

वास जिन्यातून खाली उतरला आणि खालच्या मजल्यावरच्या पद्मावतीअक्कांना घेऊन वर आला. पद्मावतीअक्का म्हणजे त्या इमारतीचं आरोग्य खातं. त्यांनी दारातूनच नाक पुढे काढलं.

"काय उकळताय, अण्णा? किती कडू वास! कषाय का, काढा?"

आता खरं तर एवढंच म्हणायचं होतं, की नाही हो, बिअर आहे. पण हयवदनरावांच्या घशात शब्द नेहमी पायरी चुकायचे. ते म्हणाले, "सरी."

"गुडघ्यांवर?"

"सरी."

झालं. एवढं कडू काही असेल तर ते औषधच असणार, याबद्दल आपल्याकडे दुमत नाही. सुखासाठी कोणी कडू पितं, ही कल्पनाच कुणाला शिवत नाही. संध्याकाळी वसुमतीबाई घरी आल्या, तोवर त्यांना जिन्यातच कळलं होतं की यजमानांनी गुडघ्यांवर कषाय केला आहे. त्यांना कौतुकच वाटलं. त्यांनी सरळ ताबा घेतला. थंड झालेला रस हयवदनरावांनी पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या कॅनमध्ये भरून त्यात यीस्ट सोडलं होतं. त्याच्या तोंडातून निघालेली नळी पाण्याच्या वाटीत बुडत होती. त्या नळीसकट तोंडाला वसुमतीबाईंनी लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा स्वच्छ धुतलेला दादरा बांधला.

"आंबवणाचं काम आहे," त्या म्हणाल्या. "आंघोळ केल्याशिवाय हात लावायचा नाही. मडी म्हणजे मडी, सोवळं ते सोवळंच. सांडशी, कळशी, गाळणं, सगळं वेगळं."

पुस्तकात स्वच्छतेवर एक अख्खं प्रकरण होतं. एक जंतू शिरला तर सगळं नासतं, अशी धमकी त्यात पानोपानी होती. पण वसुमतीबाईंकडे प्रकरण नव्हतं, परंपरा होती. हयवदनराव ओल्या पंच्याने कॅनपाशी जायचे आणि ओल्या पंच्याने परत यायचे. इतक्या सोवळ्यात बिअर पूर्वी कुणी केली असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाटीत बुडबुडे येऊ लागले. गुडूक. थोडं थांबून पुन्हा गुडूक. हयवदनराव जेवताना ऐकायचे, वाचताना ऐकायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून काही जिवंत झालं नव्हतं.

"तुमच्या कषायाला ढेकर येतात हो," वसुमतीबाई म्हणाल्या.

बुडबुडे थांबले की बाटल्या भरायच्या. पण बाटल्या आणायच्या कुठून? बारच्या दारात उभं राहण्याची त्यांची छाती नव्हती. ते मल्लाप्पाच्या भंगाराच्या दुकानात गेले.

"काय आणलंय, अज्जा? पेपर?"

"नाही. बाटल्या न्यायच्यात. बिअरच्या."

मल्लाप्पाने वजनकाट्यावरचा हात काढला. "रिकाम्या?"

"रिकाम्या."

"लोक भरलेल्या आणतात आणि रिकाम्या मला देतात. तुम्ही उलटे निघालात," मल्लाप्पा म्हणाला. पण म्हाताऱ्या माणसाला लागला असेल नाद, म्हणून त्याने गोणीतून निवडून चांगल्या दिल्या.

खणखण वाजणारी ती पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरावं तर आत वादिराज. हा असोसिएशनचा सेक्रेटरी. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या नोकरीतून लवकर निवृत्त झालेला, त्यामुळे त्याच्यापाशी उत्साह शिल्लक होता आणि तो सगळा इमारतीवर पडत होता. पिशवीतून डोकावणारी तपकिरी मान त्याने पाहिली.  हयवदनरावांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "अण्णा, या वयात स्वल्प जपून." आयुष्यात दारूचा थेंब न चाखलेल्या माणसाला चार मजले चढेपर्यंत दारुड्याला मिळणारी सहानुभूती सोसावी लागली. तक्रार करायलाही जागा नव्हती.

बाटल्या भरताना प्रत्येक बाटलीत थोडी साखर घालायची असते. त्या साखरेने आत वायू धरतो. हयवदनराव साखर घालत होते तेवढ्यात बेल वाजली. दारात पद्मावतीअक्का, हातात लोटी. "थोडा द्या हो कषाय. आमच्या ह्यांच्या गुडघ्यांनाही बघते." कॅनच्या तळाशी उरलेलं हयवदनरावांनी लोटीत ओतून दिलं आणि परत आले, तो प्रश्न उभा राहिला: या बाटल्यांत साखर घातली का? घातली असावी. नसेल तर? आपण कधी कुठलं काम नीट केलंय? हयवदनरावांनी बराच विचार केला. मग त्यांनी आयुष्यात क्वचित घेतलेला ठाम निर्णय घेतला, आणि सगळ्या बाटल्यांत पुन्हा साखर घातली.

बाटल्या मुरायला ठेवल्या त्या पुस्तकांच्या कपाटात, जाडजूड शब्दकोशांच्या मागे. ती जागा अंधारी होती, थंड होती आणि कुणीही तिथे हात घालत नव्हतं. शब्दकोशांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काही काम मिळालं.

इकडे यजमानांसाठी नेलेला कषाय आधी स्वतः चाखून बघितल्यामुळे पद्मावतीअक्कांनाच गुण आला. जेवणाआधी दोन चमचे, मग अर्धी वाटी. गुडघ्याचं माहीत नाही, पण झोप छान लागे आणि सुनेचं बोलणं मनाला लागेनासं झालं. त्यांनी ही वार्ता सगळ्या मजल्यांवर पोचवली. सकाळी हयवदनरावांच्या दाराशी लोट्या दिसू लागल्या. साठा मुरतोय, असं सांगून ते सगळ्यांना परतवत. मग वादिराजने नोटीस बोर्डावर परिपत्रक लावलं: कोणत्याही रहिवाशाने राहत्या जागेत औषधनिर्मिती करण्यापूर्वी समितीची लेखी अनुमती घ्यावी. हयवदनरावांनी ते पाहिलं, आणि दुसऱ्या जिन्याने वर गेले. आता त्यांना अपराध्यासारखं वाटायला लागलं होतं. अक्कांना सांगायला हवं, असं ते रोज ठरवत. रोज अक्का म्हणत, "तुमचे हात देवाचे हो, अण्णा." आणि रोज सांगणं उद्यावर जाई.

चातुर्मास लागला. भाजीचा महिना गेला, दह्याचा महिना सुरू झाला. घरात आलेल्या औषधाबद्दल वसुमतीबाईंनी फोनवर मठातल्या आचारांना विचारून घेतलं होतं. जव आहे, वेलीचं फूल आहे, अतिशय कडू आहे, म्हटल्यावर ते म्हणाले, "औषधाला चातुर्मास नसतो." अशा रीतीने सगळ्या बाजूंनी मान्यता मिळालेली ती बिअर कपाटात दुप्पट साखर पचवत बसली होती.

त्या आठवड्यात भजन मंडळी त्यांच्याकडे होती. दुपारचे तीन. दहाबारा बायका, एक पेटी, टाळ. पद संपत आलं होतं आणि पद्मावतीअक्कांनी वरचा सूर धरला होता, तेवढ्यात कपाटात धाडकन आवाज झाला.

"लॉरीचं टायर," कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या आवाजाला कपाटाचं दार उघडलं. तिसऱ्याला शब्दकोशाचा एक खंड उडी मारून बाहेर आला आणि पेटीवर पडला. मग एकामागून एक. पुस्तकांच्या मधून पांढरा फेस ओघळू लागला. बायका सतरंजीवरून उठून भिंतीला टेकल्या. हयवदनराव खोलीच्या मधोमध उभे होते आणि प्रत्येक स्फोटाला "क्षमा करा, क्षमा करा" म्हणत होते.

वादिराज आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आला. दारात थबकला. त्याचं नाक हललं, डोळे मिटले, चेहऱ्यावर विलक्षण शांती पसरली.

"अण्णा," तो म्हणाला, "हा तर हॉप्सचा वास! आयपीए! कोरमंगलातल्या पबात याच्या एका ग्लाससाठी आम्ही शुक्रवारी रांग लावायचो..."

"आम्ही म्हणजे कोण?" भिंतीशी उभ्या बायकांतून त्याच्या पत्नीने विचारलं.

वादिराज नळकांड्यावरच्या सूचना वाचू लागला. सगळ्यांची तोंडं हयवदनरावांकडे वळली.

"ही बिअर आहे," हयवदनराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "बिअर आहे. मी केली."

पद्मावतीअक्का हळूहळू खाली बसल्या. "म्हणजे मी... इतके दिवस..."

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. अक्का पदर सावरून उठल्या, टाळ पिशवीत घातले आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी घासून लख्ख केलेली लोटी दाराशी ठेवलेली होती. शनिवारी त्यांच्याकडून कोसंबरीची, म्हणजे डाळीच्या कोशिंबिरीची, वाटी यायची, ती त्या दिवसापासून आली नाही. अक्कांची क्षमा मागायला हयवदनराव दोनदा खालपर्यंत गेले आणि दाराशी चप्पल बघून परत आले.

बाटल्या फुटल्या त्या संध्याकाळी नवराबायको पंख्याखाली बसून शब्दकोशाची पानं सुटी करत होते. प्रत्येक पानाला बिअरचा वास होता.

"कुणासाठी?" वसुमतीबाईंनी विचारलं.

हयवदनरावांनी खिशातून पत्र काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"हे उगादीचं आहे."

"हो."

"उत्तर?"

"बिअर मुरली की लिहिणार होतो."

वसुमतीबाईंनी पत्राची घडी घातली. "मला विचारायचं तरी."

"तू नाही म्हणाली असतीस."

"मी चाळीस वर्षं समजत होते, की तुम्हाला चालत नाही म्हणून नागोजीभावजी आपल्याकडे कॉफीवर भागवतात. अहो, माझे बाबा मिलिटरीच्या हिशेब खात्यात. आमच्या तुळशीला पाणी रमच्या बाटलीतून घालायचे. टेबलाशी नसतं बसू दिलं मी, ते खरं. देवघर समोर येतं. पण बाल्कनीत खुर्ची टाकून दिली असती. शेंगदाणे तळून दिले असते." त्यांनी पुढचं पान सोडवलं. "कॅनला दादरा मी बांधला हो. आणि मलाच माहीत नाही आत काय आहे."

हयवदनरावांनी ओलं पान उलटं केलं, मग सुलटं केलं. विचारलं की नाही म्हणावं लागतं, हे कारकुनाचं झालं. घराला तो नियम लागू नव्हता, आणि ते कळायला अख्खं कपाट फुटावं लागलं.

"आता लिहा," त्या म्हणाल्या.

लिहायला ते बसलेही. पण शब्दकोशाच्या टोकाच्या खंडांमागे चार बाटल्या शाबूत राहिल्या होत्या. त्या चांगल्या निघतील की नाही, कुणाला ठाऊक? नागोजीसारख्या जाणत्या माणसाला बोलवायचं आणि पुढे नासकं ठेवायचं? थोडं मुरू दे. मजकुराला एक चांगली सुरुवात सुचू दे. सुरुवाती पुष्कळ सुचल्या, त्यांतली एकही पुरेशी चांगली नव्हती. दसरा आला, गेला. दिवाळीही गेली. मग धारवाडहून कार्ड आलं.

"हयवदना, उत्तर आलं नाही, म्हणजे नाही असं समजलो. वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. तसंही हृदयाच्या डॉक्टरांनी आता पिणं बंद केलंय, प्रवासही. तेव्हा तो प्रश्न मिटला. तुला उगाच कोड्यात टाकलं. वहिनींना नमस्कार."

हयवदनराव ते कार्ड हातात धरून बसले. आज दाढी झाली होती, तेवढाच फरक.

वसुमतीबाईंनी कार्ड वाचलं. त्या कपाटाशी गेल्या, कोशामागची एक बाटली काढून आणली आणि बाल्कनीत खुर्चीसमोर ठेवली. काचेचा ग्लास घरात नव्हता, म्हणून देवाच्या दिव्यासाठी ठेवलेला नवा काचेचा पेला आणला. बिअर ओतली. रंग तांब्याच्या भांड्याचा, वर सायीसारखा फेस. हयवदनरावांनी आयुष्यातला पहिला घोट घेतला. आधी कडू लागलं, फार कडू. मग मागून संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी आलं आणि रेंगाळत राहिलं.

"कशी आहे?" वसुमतीबाईंनी विचारलं.

हयवदनरावांना सांगता येईना. चांगली झाली होती की वाईट, कडूपणा कुठला, साखर किती जास्त, हे एका घोटात सांगणारा माणूस धारवाडला बसला होता, आणि त्याला आता घोट घ्यायची बंदी होती.

"एक विचारू?" ते म्हणाले.

"विचारा की."

"धारवाडला येशील माझ्याबरोबर?"

वसुमतीबाईंनी पंचांग आठवलं. "द्वादशी होऊ दे. चातुर्मास सुटू दे. मग सरी."

एवढं सोपं होतं. याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

ते पोस्टात गेले आणि मुद्दाम साधं कार्ड घेतलं. उघडं, कुणीही वाचावं असं. पाकिटात घातलं तर पुन्हा उघडून दुरुस्त करायचा मोह झाला असता. काउंटरवरच्या गोंदाच्या डबीशेजारी उभं राहून त्यांनी लिहिलं:

"नागोजी, उगादीच्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो. उशीर माझा आहे. तुला येता येत नाही, तर द्वादशीनंतर आम्ही दोघं येतो. मी केलेल्या बिअरची एक बाटली आणतो. तू पिऊ नकोस, नुसता समोर बस. मी पितो. वास घे आणि कुठे चुकलं ते सांग."

लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे उघडं कार्ड उघडं असून नसल्यासारखं आहे. या शहरातला पोस्टमन मराठी कुठे वाचतो? मग त्यांनी समासात, जागा होती तेवढीत, कानडीत पुन्हा लिहिलं: बिअर आणतोय. खाली सही केली, पूर्ण नावाने.

टपालपेटीच्या तोंडाशी हात एकदा अडला. 'उशीर माझा आहे' हे वाक्य जरा आखूड झालं होतं, त्यात आणखी काही घालता आलं असतं. मागे रांगेतली बाई म्हणाली, "अज्जा, टाकताय ना?"

"सरी," हयवदनराव म्हणाले, आणि कार्ड सोडून दिलं.